ओढीचा पल्ला

एकदा एक धूर होता.

अशा कथांच्या आरंभी राजा असावा, निदान एखादा व्यापारी तरी असावा, अशी रीत आहे. व्यापारी पुढे येईल. राजाचे मात्र या कथेत काही काम नाही. ही कथा धुराचीच आहे, आणि तो धूर यज्ञाचा नाही, चुलीचाही नाही. तांब्याच्या तारेला कथलाचा डाख देताना, म्हणजे आजच्या बोलीत सोल्डरिंग करताना, गनच्या टोकाशी एक निळसर रेघ उठते, तो हा धूर. पुष्कळांना वाटते की तो कथलाचा असतो. पण तेवढ्या उष्णतेने कथील धूर होऊन उडत नाही. डाखाच्या तारेच्या पोटात राळ भरलेली असते. जोड स्वच्छ धरला जावा म्हणून ती आधी वितळते, जळते आणि वर येते. तिचा वास वाईट नसतो. दुकानात शिरणारे गिऱ्हाईक नाक वर करून म्हणते, "वा, देवळात आल्यासारखं वाटतं." ते घटकाभर थांबते आणि निघून जाते. जे माणूस तिथेच बसून राहते त्याच्या छातीला तो वास हळूहळू महाग पडतो.

कांद्याच्या बाजारपेठेच्या एका गावात, मार्केट यार्डाच्या मागच्या रस्त्याला, वजनकाटे दुरुस्त करण्याचे एक दुकान होते. ते मूळचे एका वृद्ध कारागिराचे. गावात सगळे त्याला मास्तर म्हणत. मास्तरांनी एका बहीण-भावाला हाताशी धरून काम शिकवले आणि डोळे थकल्यावर दुकान त्या दोघांच्या स्वाधीन करून ते घरी बसले. भाऊ श्रीरंग हा आपल्या कथेतला शिष्य. शिष्या म्हणून त्याच्या थोरल्या बहिणीचे, कुंदाताईचेही नाव घ्यायला हवे. पण तिला जे शिकायचे होते ते ती केव्हाच शिकून चुकली होती, त्यामुळे दृष्टांत ऐकण्याची वेळ तिच्यावर आली नाही.

दोघांनी कामे वाटून घेतली होती. इलेक्ट्रॉनिक काट्याच्या पोटात तळहाताएवढा एक बोर्ड असतो, त्यावरचे बारीक जोड ताई देई. तिच्या हाताचा डाख तांदळाच्या दाण्यासारखा नेटका आणि चकचकीत असे. शिष्य गिऱ्हाईक सांभाळी, सुटे भाग आणी, व्यापाऱ्यांशी बोले. दुकानाला बरकत आली तेव्हा त्याने पुढच्या बाजूला काचेची एक केबिन करून घेतली. तिथून त्याला रस्ता दिसे, दुकान दिसे आणि मागच्या भिंतीला लागून असलेला ताईचा बाकही दिसे. सगळे दिसते म्हणजे सगळे कळते, असा समज काचेमागे बसणाऱ्या माणसाचा सहज होतो. त्याचाही झाला.

ताईला खोकला लागला. प्रथम सगळ्यांनी हवेला दोष दिला. मग जिना चढताना तिला मधल्या पायरीवर थांबावे लागू लागले, तेव्हा डॉक्टरांना दाखवले. डॉक्टरांनी छाती तपासली, काय काम करता ते विचारले आणि राळेच्या धुराने श्वासनळ्या चिडल्या आहेत असे सांगितले. धूर नाकात जायचा थांबला तर बरे वाटेल. नाही थांबला तर काम सोडावे लागेल. आणि फार उशीर केला तर काम सोडूनही फरक पडणार नाही.

ताईने हे शांतपणे ऐकले आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बाकावर जाऊन बसली. त्या बाकापलीकडे तिचे स्वतःचे असे जगात फारसे काही नव्हते. तिथे बसले की ती कोणाची बहीण नसे, कोणाची आत्या नसे, ती डाख देणारी कुंदा असे. हे तिने कधी बोलून दाखवले नव्हते. बोलून दाखवण्याजोगे ते तिला वाटलेही नसेल.

शिष्य हुशार होता आणि त्याचा बहिणीवर जीव होता, या दोन्ही गोष्टी आधीच सांगून ठेवलेल्या बऱ्या. नाहीतर पुढे त्याच्यावर अन्याय व्हायचा. त्याने त्याच आठवड्यात मागच्या भिंतीतली जुनी खिडकी प्लायवूडच्या फळीने बंद केली आणि त्या फळीच्या वरच्या अंगाला एक मोठा एक्झॉस्ट पंखा बसवला. पंखा सुरू झाला की दुकानातले कागद उडत. धूर मात्र आपल्या मर्जीने ताईच्या चेहऱ्याभोवती रेंगाळे आणि मग सवडीने पंख्याकडे जाई.

तेव्हा त्याने दुसरे यंत्र केले. स्वयंपाकघरात शेगडीवर चिमणी असते तसे पत्र्याचे एक छत्र, खाली रुंद आणि वर निमुळते, त्याने बाकाच्या बरोबर वर टांगले आणि त्यात आणखी जोराचा पंखा घातला. धूर वर जातो हे त्याला ठाऊक होते, म्हणून त्याने छत्र वर धरले. यात चूक काढायला जागा दिसत नाही. पण बारीक काम मान ताठ ठेवून होत नाही. डाख देणारे माणूस कामावर ओणवे होते. त्यामुळे खाली जोड, वर छत्र आणि दोहोंच्या मधोमध ताईचे नाक अशी व्यवस्था झाली. आता धूर रेंगाळत नसे. तो सरळ तिच्या नाकावरून वर जाई.

शिष्य केबिनमधून पाही आणि हाक मारी.

"ताई, मान वर ठेवून काम कर की."

"ताई, मास्क कुठाय?"

"ताई, जरा दमानं. घाई कोणाला आहे?"

ताई मान हलवी. थोडा वेळ काम करी आणि मग तोंड फिरवून भिंतीकडे पाहत बसे. मग पुन्हा काम, पुन्हा भिंत. काचेतून हे सगळे स्पष्ट दिसे, आणि शिष्याने त्याचा अर्थही लावला होता. ताई रुसली आहे. केबिन झाल्यापासूनच ती जरा अशी आहे. दोघांनी एका बाकावर शेजारी बसून दिवस काढले आणि आता भाऊ काचेमागे खुर्चीत जाऊन बसला, हे तिला लागले असणार. त्याला वाईट वाटे, थोडा रागही येई. आपण तिच्यासाठी यंत्रांवर यंत्रे करतो आहोत आणि ही पाठ फिरवून बसते. आपल्या घरांत न बोलता फिरवलेल्या तोंडाचा अर्थ रुसवा असाच लावायचा असतो. दुसरा अर्थ शोधायची कोणाला गरज वाटत नाही.

अशात एक व्यापारी आला. मघाशी कबूल केल्याप्रमाणे हा तो व्यापारी. त्याने काटा टेबलावर ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "शेठ, तुमचा काटा सकाळी खरं बोलतो, दुपारी खोटं. मी कुठल्या वेळेचा कांदा विकू तेवढं सांगा."

काटा उघडला तेव्हा बोर्डावर एक कच्चा डाख सापडला. डाख गोठण्यापूर्वी हलला किंवा त्याच्यावर फुंकर बसली की तो वरून जोडलेला दिसतो आणि आतून सुटा राहतो. ऊन वाढले, बोर्ड तापला की जोड किंचित उघडतो आणि आकडे बहकतात. ताईच्या हातून कच्चा डाख गेल्याचे आजवर कोणी पाहिले नव्हते. त्यानंतर आणखी काटे परत आले.

एका संध्याकाळी शिष्य केबिनच्या दारात उभा राहून म्हणाला, "ताई, आता पुरे. तब्येत जाते आणि कामही बिघडतं. तू पुढं काउंटरवर बस. बाकावर मी दुसरं माणूस बघतो."

ताईने गन स्टँडमध्ये ठेवली. "बघ," एवढेच म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी शिष्य मास्तरांकडे गेला. कथांतले ज्ञानी वृद्ध नदीकाठी किंवा वडाखाली बसलेले असतात. मास्तर सुनेच्या फ्लॅटच्या गॅलरीत वॉशिंग मशीनशेजारी बसले होते आणि मशीन थरथरू लागले की त्यावर हात ठेवून ते आवरत होते. शिष्याने यंत्रांची, काट्यांची, ताईच्या रुसव्याची सगळी हकीकत सांगितली.

"तुम्ही तिला सांगा, मास्तर. माझं ती ऐकत नाही."

"काय सांगू?"

"बाक सोड म्हणून. तुमचा शब्द मोडणार नाही ती."

"ती स्वतः काय म्हणते?"

"काही म्हणत नाही. भिंतीकडे तोंड करून बसते."

मास्तरांनी थरथरणारे मशीन हाताने आवरले. मग म्हणाले, "तुझं दुसरं यंत्र ओढतं कसं?"

"मास्तर, इतकं जोरात, की समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर फडफडतं."

"आणि धूर?"

"धूर ताईकडंच जातो."

"म्हणजे कॅलेंडरला दम लागायची भीती नाही, एवढं काम झालं."

मास्तर उठले, आत जाऊन त्यांनी खणातून मेणबत्ती काढली, पेटवली आणि जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला उभी केली. दुसऱ्या टोकाच्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाले, "तिथं बस. आणि विझव."

शिष्य घुटमळला. घरातला दिवा तोंडाने फुंकून विझवू नये ही लहानपणची शिकवण आडवी आली, आणि तो विझवायला काही मिळते का ते पाहू लागला.

"निरांजन नाही ते, मेणबत्ती आहे," मास्तर म्हणाले. "फुंक."

शिष्याने फुंकर घातली. टेबलाच्या त्या टोकाची ज्योत विझली. मास्तरांनी ती पुन्हा पेटवली.

"आता तिथूनच विझव. पण फुंकायचं नाही. श्वास आत ओढून विझव."

मास्तरांचे वय झाले आहे हे शिष्याला त्या क्षणी फार जाणवले. पण गुरूने सांगितले ते करायचे म्हणून त्याने ओठांचा चंबू केला आणि श्वास ओढला. छाती भरली, गळ्याच्या शिरा ताठल्या, कान लाल झाले. ज्योत जागची हलली नाही.

"जोर कमी पडला का?" मास्तरांनी विचारले.

शिष्याने आणखी जोर लावला. ज्योत स्वस्थ होती. तो खुर्ची सोडून टेबलाच्या मध्यापर्यंत आला. तिथूनही काही झाले नाही. आणखी पुढे सरकला, वाकला, आणि ज्योत ओठांपासून चार बोटांवर आली, मिशीला धग लागू लागली, तेव्हा कुठे ती त्याच्याकडे झुकली.

"मिशी सांभाळ," असे म्हणून मास्तरांनी चिमटीने मेणबत्ती विझवली. "झालं. जा आता."

शिष्य काही पावले गेला आणि थबकला. त्याच्या चेहऱ्यावर यंत्र समजलेल्या माणसाचा आनंद होता. "पंखा मोठा नकोच होता. जवळ हवा होता. फुंकलेली हवा सरळ जाते, ओढलेली चहूबाजूंनी येते, म्हणून ओढीचा पल्ला चार बोटांवर संपतो. छोटा पंखा चालेल, मास्तर. कामाच्या अगदी शेजारी ठेवला तर."

"चालेल. तेवढं तुला कळणारच होतं, तू हुशार आहेस." मास्तर पुन्हा मशीनशेजारी जाऊन बसले. "पण तो पंखा बसवण्याआधी एक दिवस कुंदाच्या बाकाशेजारी जाऊन बस. काही करू नकोस, काही सांगू नकोस. केबिनमधून दिसतं तेच तिथून दिसतं का, तेवढं बघून ये."

"आणि ताईला तुम्ही सांगणार ना?"

"तुझं नवं यंत्र झालं की येतो. मग सांगतो."

मेणबत्तीचे शिष्याला पटले होते. हे दुसरे त्याला उगाचच वाटले. पण सकाळी त्याने एक स्टूल उचलले आणि बाकाजवळ नेऊन ठेवले.

ताईने वर पाहिले. "काय रे, केबिनमधला पंखा बिघडला का?"

"मास्तरांनी बसायला सांगितलंय."

"मग बस," म्हणून ती कामाला लागली.

तो बसला. आणि काचेमागून कित्येक महिने पाहिलेले दृश्य त्याने प्रथम पाहिले. जोड द्यायच्या आधी ताई छाती भरून श्वास घेत होती आणि ओठ घट्ट मिटत होती. मग ओणवी होऊन गन टेकवत होती. राळेची निळी रेघ तिच्या गालावरून, नाकावरून वरच्या छत्राकडे चढत होती आणि ती श्वास रोखून एकामागून एक जोड देत होती. चेहरा तांबूस होईपर्यंत. मग ती भिंतीकडे वळली. प्लायवूडची फळी खिडकीच्या चौकटीत नीट बसली नव्हती, एका कडेला बोटभर फट राहिली होती. त्या फटीतून बाहेरची हवा आत येत होती. ताईने तिथे तोंड नेऊन कोंडलेला श्वास सोडला, नवा घेतला, आणखी एक घेतला, आणि पुन्हा कामाकडे वळली.

ती रुसली नव्हती. श्वास घेत होती.

एखाद्या बोर्डावर जोड जास्त असले की तिचा श्वास पुरत नसे. मग शेवटच्या जोडाशी नाइलाजाने तोंड उघडे आणि धूर आत जाऊ नये म्हणून तिच्याकडून फुंकर घातली जाई. नेमका तोच डाख कच्चा राही. हे शिष्याने दुपारपर्यंत आपल्या डोळ्यांनी पाहिले. ताईचा हात कुठेही चुकत नव्हता.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "ताई, तू माझ्यावर रागावली नव्हतीस?"

"कशाबद्दल?"

"ही केबिन केली म्हणून. मला वाटायचं, तू तोंड फिरवून बसतेस."

ताई हसली. हसण्याने खोकला आला, तो थांबेपर्यंत ती फटीकडे तोंड करून बसली. मग म्हणाली, "वेडा आहेस. तू केबिन केलीस तेव्हा मला बरंच वाटलं होतं. म्हटलं, चला, याच्या तरी नाकात आता धूर जायचा नाही."

शिष्याला लाज वाटली. इतकी, की उठून केबिनमध्ये जावे असे त्याला वाटले. पण मास्तरांनी दिवसभर बसायला सांगितले होते. तो बसून राहिला. संध्याकाळी त्याने सगळ्यात आधी ती फळी पंख्यासकट उखडली आणि खिडकी उघडली. छत्रही खाली उतरवले.

मग त्याने डबा करायला घेतला. हा भाग सांगण्यासारखा आहे, कारण त्यात दिपवणारे असे काहीच नाही. बिस्किटांचा एक मोठा चौकोनी पत्र्याचा डबा घेतला. त्याचे झाकण काढून तिथे जाळी लावली आणि जाळीमागे कोळसा भरलेला काळा स्पंज बसवला, जो स्वयंपाकघरातल्या चिमणीसाठी बाजारात मिळतो. डब्याच्या मागच्या बाजूला गोल भोक पाडून जुन्या कॉम्प्युटरमधला छोटा पंखा स्क्रूने आवळला. पंख्यामागे रुंद लवचिक पाइप जोडून त्याचे तोंड खिडकीतून बाहेर काढले आणि वर छपराच्याही वर नेले, म्हणजे स्पंजातून जे काही निसटेल ते शेजाऱ्याच्या दारात जायला नको. स्पंज भरला की बदलावा लागेल, हे त्याने ताईला आधीच सांगून ठेवले.

घाईत पंखा उलटा बसला. चालू करताच डब्याने जाळीतून झकास वारा सोडला आणि बाकावरचा कापूस ताईच्या तोंडावर उडाला.

"अगदी तुझ्यावर गेलाय," ताई म्हणाली. "लांबून फुंकतोय नुसता."

शिष्य हसला, पंखा उलटून बसवला, आणि या वेळी घाई केली नाही. उदबत्ती पेटवून त्याने डबा निरनिराळ्या जागी ठेवून पाहिला. हातभर अंतरावर उदबत्तीचा धूर डब्याकडे ढुंकूनही पाहत नसे. अर्ध्या हातावर तो थोडा विचारात पडे. वितीच्या आत डबा आला की धूर वर जाता जाता वळे आणि जाळीत शिरे. पण डबा तिथे ठेवायचा तर ताईचा हात कुठून फिरतो, कोपर कुठे टेकते, मान कुठल्या बाजूला कलते, हे सगळे ठाऊक हवे. एक दिवस शेजारी बसला नसता तर त्याला यातले काही सांगता आले नसते. त्याने डबा कामाच्या पलीकडे, ताईच्या चेहऱ्याच्या विरुद्ध अंगाला ठेवला, म्हणजे धुराला तिच्याकडे यायचे कारणच उरले नाही.

मास्तर रिक्षाने आले. स्टुलावर बसले आणि म्हणाले, "दे एक जोड."

ताईने छाती भरून श्वास घेतला, ओठ मिटले आणि गन टेकवली. निळी रेघ उठली, बोटभर वर आली, वाकली आणि डब्यात गेली.

"कुंदा," मास्तर म्हणाले, "श्वास सोड. काम चालू राहू दे, आणि श्वास घे."

ताईने त्यांच्याकडे पाहिले. मग गन हातात असतानाच, कामावर ओणवी असतानाच, तिने श्वास सोडला आणि घेतला. आत फक्त हवा आली. तिचे डोळे भरून आले, ते तिने बाहीने पुसले आणि पुढचा जोड दिला.

शिष्य हळू आवाजात म्हणाला, "मास्तर, तुम्ही तिला काहीतरी सांगणार होता."

"हो. कुंदा, बाक सोडू नकोस. डॉक्टरांकडे जात राहा, ते थांबवू नकोस." मग ते शिष्याकडे वळले. "आता तुला सांगतो. फुंकर लांबून घालता येते. मान वर ठेव, मास्क लाव, दमानं घे, ही सगळी फुंकर. तिला जागेवरून उठावं लागत नाही. दुसऱ्याचा त्रास ओढून घ्यायचा असेल तर तोंड त्या त्रासाजवळ न्यावं लागतं, आपल्या मिशीला धग लागेपर्यंत. आपण मायेलाही ओढच म्हणतो. ताईची ओढ तुला आहे, मला काय ठाऊक नाही? पण दुरून लागलेल्या ओढीनं आपलं मन हलतं. धूर हलत नाही."

एवढे बोलून त्यांनी चहा मागितला. अशा प्रसंगी शिष्याने गुरूचे पाय धरावेत असा संकेत आहे. शिष्य चहा आणायला गेला.

ताईची छाती एका दिवसात मोकळी झाली नाही. जे वर्षानुवर्षे साचले ते निघायला वेळ घेते, आणि काही निघतही नाही. पण जिना चढताना मधल्या पायरीवर थांबणे कमी झाले, आणि डॉक्टरांनी काम सोडण्याची भाषा थांबवली. डाख पुन्हा तांदळाच्या दाण्यांसारखे उतरू लागले. केबिन मोडली नाही; व्यापाऱ्यांशी बोलायला ती लागतेच. बाकाशेजारचे स्टूलही कोणी हलवले नाही.

काही दिवसांनी तोच व्यापारी दुसरा काटा घेऊन केबिनमध्ये आला. पहिला काटा आता दुपारीही खरे बोलतो, त्यामुळे आपली पंचाईत झाली आहे, असे तो गंभीरपणे सांगत होता. त्याच्या खांद्यावरून शिष्याची नजर मागे गेली. ताईने गन स्टँडमध्ये ठेवली आणि तोंड भिंतीकडे फिरवले.

शिष्य व्यापाऱ्याचे वाक्य अर्धवट टाकून उठला आणि बाकाजवळ गेला. डबा घुमत होता. तो आपल्या जागी होता, पाइप सुटला नव्हता, आणि नुकत्याच दिलेल्या जोडाचा उरलासुरला धूर मुकाट्याने जाळीत शिरत होता. खिडकी सताड उघडी होती.

"काय झालं, ताई?"

"काही नाही रे. सवय." ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली. "मान आपोआप वळते अजून. तू जा, तो बसलाय ना."

डब्याचे सगळे ठीक होते. व्यापारी केबिनमध्ये घड्याळ पाहत होता. शिष्याने स्टूल जवळ ओढले आणि तो बसला.